झिजलेल्या तांब्याच्या नाण्यांची ओळख

वऱ्हाडांत, विशेषतः अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरांत, दफ्तरें पाहावयास गेलें असतां पोथ्यांच्या रुमालांत किंवा देव्हाऱ्यांतील डबींत चार-दोन झिजलेलीं तांब्याचीं नाणीं हटकून सांपडतात. घरचीं मंडळी तीं सर्वच शिवछत्रपतींचीं म्हणून दाखवितात. आपणही तसेंच टिपून घेतलें, कीं चूक कायम होते. म्हणून निर्णयाचा क्रम येथें देतों.

प्रथम नाणें तोलावें. कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा सुमारें ६.४७ ग्रॅम भरतो. १९०६ पासूनचा कांशाचा पैसा ४.८६ ग्रॅम. झिजेनें वजन घटतें, वाढत नाहीं. म्हणून गुळगुळीत झालेली चकती आठ ग्रॅमांवर भरल्यास ती पाव आणा नव्हे. इंग्रजी अर्धा आणा किंवा देशी नाणें होय. यांतील भेद कांठावरून कळतो. यंत्राचें नाणें झिजलें तरी वर्तुळ सोडीत नाहीं. हातोड्याचें नाणें मूळचेंच ओबडधोबड असतें.

मग तिरप्या उजेडांत अक्षरें पाहावीं. शिवराईवर एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्यास दोन ओळींत ‘छत्र पति’ असतें. ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्यामुळें सर्व अक्षरें क्वचितच उमटतात. फारसी वळणें दिसल्यास नाणें मोगल किंवा निजामशाही अमलाचें असण्याचा संभव. एलिचपुरास मोगलांची टांकसाळ होतीच. १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल असल्यामुळें दोन्ही जातींचीं नाणीं एकत्र मिळालीं तर नवल नाहीं.

मात्र ‘शिव’ हें अक्षर काळाचा पुरावा नव्हे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेला हा लेख पेशवाईअखेरपर्यंत चालू राहिला.

माझीच चूक सांगतों. एक शिवराई चिंचेनें घासून मीं तिजवर ‘शिव’ वाचलें व तसें नोंदविलें. पुढें एका स्नेह्यानें घासण्यापूर्वीं कागद ठेवून पेन्सिलीनें घेतलेला ठसा दाखविला. त्यांत स्पष्ट ‘सिव’ होतें. संस्कृताच्या संवयीनें मीं नाण्याचें शुद्धलेखन सुधारलें होतें, आणि निवाडा करणारी अक्षराची कड चिंचेनें गेली होती.

सबब, नाणें घासूं नये. आधीं ठसा घ्यावा. पोथीचा पाठ जसा दिसेल तसाच उतरावा, हा आपला नियम नाण्यासही लागू आहे.