माटोळीखालचा तोल

चवथ जवळ आली की गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात सत्तरीच्या रानातलं नि परसातलं सामान उतरतं. कांगलां, घागऱ्या, कवंडळं, तोरिंगं, पोफळांचे घोस. हे सगळं गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटोळीला, बांधायचं. माटोळी बांधणाऱ्या जाणत्या माणसाचे हात नीट पाहा. एका अंगाला केळ्यांचा घड लागला की समोर नारळ जातात. चौकट कलली तर एखादा नारळ चार बोटं आत सरकतो. खाली उभ्या पाच वर्षांच्या पोराला मात्र आपण फार तर फळं हातात द्यायला लावतो. त्याला त्याची स्वतःची छोटी माटोळी बांधू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

सामान घरचंच: नारळाच्या झावळीचा वीतभर हीर, दोरा, चिकणमाती. आधी रिकामा हीर दोऱ्यावर तोलायला सांगा. मूल दोरा बरोबर मधोमध बांधतं आणि हीर कलतो, कारण तो बुडाशी जाड, शेंड्याकडे बारीक. दोरा बुडाकडे सरकवत नेला की एका जागी हीर आडवा राहतो. मध्य वेगळा नि तोलाची जागा वेगळी, हे बोटांना तिथेच कळतं. मग मातीच्या गोळ्या. जड गोळी दोऱ्याजवळ, हलकी लांब. वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा झाला की हीर स्थिरावतो. तरफेचा हा नियम आर्किमिडीजने सिद्ध केला, आणि अलेक्झांडर काल्डरने १९३०च्या दशकात त्याच तोलावर हलती शिल्पं टांगली. मुलाला यातलं काहीही सांगू नका. "आता कुठे कलेल?" एवढंच विचारा, नि उत्तर आल्यावरच हात सोडा.

१९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेलेले अरविंद गुप्ता आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुलांना असंच हातांनी शिकू देत आले. पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रातही त्यांनी टाकाऊतून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी मुलांनी मोडून पुन्हा जोडावीत अशीच असतात.

एक हीर जमला की दुमजली माटोळी. ती खालून वर बांधायची. वरून सुरुवात केली तर खाली लागणाऱ्या प्रत्येक गोळीसरशी वरचा तोल पुन्हा बिघडतो. पंखा बंद ठेवा. गोळी गळून पडली तर आपण उचलू नये. ती मोठी करून लावायची की दोरा सरकवायचा, ते मुलाला ठरवू द्या.