उरलेला भात आणि तेलकट चिंधी

चाकणच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपते आणि कॅन्टीनच्या पिंपात भात, आमटी, पोळ्यांचे तुकडे साचतात. हे अन्न कचरा डेपोच्या ढिगाखाली दडपले की हवेविना कुजते आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता वाढवतो. म्हणूनच २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली.

त्याच कारखान्यातल्या कापडाचे तसे नाही. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या यंत्रे पुसायला येतात, हा चांगला पुनर्वापर. पण तेल लागले की तीच चिंधी कायद्याने घातक कचरा ठरते. ती अधिकृत प्रक्रियेसाठीच द्यावी लागते.

चाकणजवळच्या मोशीत २०२३ मध्ये कचरा जाळून वीज बनवणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. तरी ओले अन्न नीट जळत नाही, आणि ते पिकवायला लागलेले पाणी परत मिळत नाही. युरोपीय संघाने आता अन्नाची नासाडी २०३० पर्यंत घटवण्याची बंधनकारक उद्दिष्टे ठरवली आहेत. आपल्या नियमांनीही विल्हेवाटीवर न थांबता कॅन्टीनला उरलेले अन्न रोज तोलून नोंदवायला लावावे. तोलले की उद्याचा भात बेतानेच शिजेल.