जगातील बदल आणि फडाची शिकवण

खानदेशातील शेतकऱ्याला जगातील घडामोडींशी काय कर्तव्य, असे पुष्कळांना वाटते. परंतु आपल्या जिल्ह्यांचा इतिहास निराळे सांगतो. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यामुळे खानदेशच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. त्याच सुमारास आगगाडीही येथवर येऊन पोहोचली. शेतकऱ्यांनी कापसाचा पेरा वाढविला व येणाऱ्या भावाच्या भरवशावर कर्जेही काढली. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज मात्र उरले. युद्ध हजारो कोस दूर झाले, पण त्याचा हिशेब आपल्या खळ्यावर चुकता करावा लागला.

हवामानाचेही तसेच आहे. पॅसिफिक महासागराचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा अधिक तापते. त्या स्थितीस ‘एल निनो’ म्हणतात आणि अशा अनेक वर्षी आपला मान्सून दुर्बळ होतो. 1876 ते 1878 या काळातील दख्खनच्या भीषण दुष्काळाशी अशाच एका प्रबळ एल निनोचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला आहे. आता त्यात पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची भर पडली आहे. पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो, मध्ये दीर्घ खंड पडतो आणि उन्हाळ्याच्या झळा अधिक तीव्र होतात. अशा वेळी शासनाने काय करावे व गावाने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातील आहे.

शासनाने काय केले

दुष्काळाच्या आघाताने शासनाला वेळोवेळी नवी व्यवस्था करणे भाग पडले. 1876-78 च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला व त्यातून दुष्काळ निवारणाचे लेखी नियम तयार झाले. 1972 च्या अवर्षणात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर चालली. या योजनेमागे वि. स. पागे यांची दृष्टी होती. पुढे 1977 साली तिचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व या राज्याने प्रथम कायद्यात आणले.

पाण्याबाबतही कायदे झाले. कालव्याचे पाणी मोजून पाणी वापर संस्थांच्या हाती द्यावे, यासाठी 2005 साली अधिनियम झाला. भूजलाच्या रक्षणासाठी 2009 चा अधिनियम आला. 2015 साली पॅरिस येथे हवामान बदलाविषयी जगातील राष्ट्रांचा करार झाला. 2019 साली अटल भूजल योजनेचा आरंभ होऊन तीत जळगाव जिल्ह्यातील गावांचाही समावेश झाला. केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमाही आहे.

हे सर्व आवश्यकच आहे. परंतु कायदा पाण्याची मोजदाद सांगू शकतो, शेजाऱ्याच्या बांधावर बसून राखण करू शकत नाही. विमा झालेल्या हानीची काही भरपाई देऊ शकतो, आटलेली विहीर भरू शकत नाही. ते काम गावाचेच होय.

पांझरेकाठची जुनी रीत

हे काम गावाला जमते, याचा पुरावा धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरा नदीवर सुमारे तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा कालवा आणि कालव्याखालील जमिनीचे फड, अशी तिची रचना. एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि ते फडांतून फिरवावयाचे. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकाच्या राखणीसाठी जागल्या व देखरेखीसाठी हवालदार असे. त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरीच, बहुधा धान्याच्या रूपाने, देत. कालव्यातील गाळही सर्वांनी मिळून काढावयाचा.

या पद्धतीचे खरे मर्म टंचाईच्या वर्षी दिसे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. नदीला पाणी कमी असेल, तर एखादा फड कोरडा ठेवावयाचा असे पंच ठरवीत. त्यामुळे तूट एकाच्या माथी न पडता सर्वांत वाटली जाई. कोणी एक श्रीमंत होत नसे, पण कोणी एक बुडतही नसे. आणि हा नेम संकट आल्यावर नव्हे, तर त्यापूर्वीच ठरलेला असे.

पुढे नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि ज्याचे त्याचे पाणी निराळे झाले. बऱ्याच ठिकाणी फडाची घडी विसकटली. धरण व पंप यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याबरोबर वाटणीचा नवा नेम मात्र आपण घातला नाही, हे मान्य केले पाहिजे.

केळीचा हिशेब

त्याचा परिणाम रावेर-यावल भागात पाहावा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला, तर 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण 600 ते 700 मिलिमीटर. केळीला मात्र हवामानानुसार वर्षाला 1,200 ते 2,200 मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर केळी दोन-तीन हेक्टरांचा पाऊस पिते, आणि पडलेला सारा पाऊस काही जमिनीत मुरत नाही. उरलेले पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या भूगर्भातून उपसले जाते. ठिबक सिंचनाने पुष्कळ बचत होते. पण वाचलेल्या पाण्यावर केळीचेच क्षेत्र वाढविले, तर भूजलाच्या खात्यावर शिल्लक काहीच पडत नाही. मग शेजाऱ्याहून खोल कूपनलिका घेणे एवढाच उपाय उरतो. ही स्पर्धा कोणीच जिंकत नाही.

बारीपाड्याचा धडा

नवा नेम घालता येतो, हे साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने दाखविले. वृक्षतोडीने तेथील जंगल उजाड होऊन पाण्याची टंचाई भासू लागली होती. 1990 नंतरच्या दशकात श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने एकत्र बसून वृक्षतोड बंद केली, तोडणाऱ्यास दंड ठरविला आणि राखणदार नेमले. अडविलेले पाणी जमिनीत मुरले, विहिरींना पाणी आले, जंगल पुन्हा उभे राहिले. 2025 साली शासनाने श्री. पवार यांना पद्मश्री देऊन गौरविले. सन्मान मोठा खरा, पण मूळ भांडवल म्हणजे सर्वांनी पाळलेला तो नेम होय.

ग्रामसेवकांनी काय करावे

पावसाळा संपताच, दिवाळीच्या आसपास, गावातील काही निवडक विहिरींची पाणीपातळी मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. गावच्या पर्जन्यमापकाची नोंद तिच्या शेजारी लिहावी. दरवर्षी त्याच विहिरी मोजाव्या, म्हणजे तुलना करता येईल. मग ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा: पिण्यासाठी व गुरांसाठी किती, रब्बीला किती, बारमाही पिकांना किती. पाणी कमी दिसल्यास कोणते क्षेत्र कमी करावयाचे, हे त्याच सभेत ठरवून लिहून ठेवावे. ज्याची विहीर प्रथम आटते अशा लहान शेतकऱ्याला सभेत प्रथम बोलू द्यावे.

शेतकरी बंधूंनो, जगातील वारे कोणीकडून वाहतील हे आपल्या हाती नाही. शासन बांध घालून देईल, विमा देईल, यंत्रेही देईल. परंतु कोरड्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हे ज्या गावाने ओल्या वर्षीच ठरविले, त्याच गावात ही मदत टिकेल. पांझरेकाठच्या पूर्वजांनी हे जाणले होते. आपण ते विसरू नये.