पाणपाखरांचे छायाचित्र

नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा असे तलाव आहेत. आज अनेकांच्या खिशात कॅमेराही आहे. तरी बदकाचे चित्र काळ्या ठिपक्यासारखे का येते? कारण ते आपण उंच बांधावरून, भर दुपारी, सूर्याकडे तोंड करून टिपतो.

सकाळी सूर्य पाठीशी घ्यावा, काठाशी खाली बसावे, कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणावा आणि पक्ष्याचा डोळा स्पष्ट करावा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे मानते. म्हणून गडद पाण्यातला बगळा पांढराफटक होतो, पिसे दिसत नाहीत. तेथे प्रकाश थोडा कमी करावा. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद हवे.

राहिला अंतराचा प्रश्न. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो. त्याने मान ताठ केली, की आपण थांबावे. तो उडाला, तर त्याचा चारा आणि विसावा आपण हिरावला. विश्रांतीचा हक्क कामगारांनी लढून मिळवला. पाखरांना मोर्चा काढता येत नाही. म्हणून चित्र थोडे लहान आले तरी चालेल.