कुंडलीची परीक्षा घेता येते, आणि ती झालेलीही आहे

जन्मकुंडलीवरचा वाद बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडतो. मानणारा म्हणतो, हा श्रद्धेचा विषय आहे, तो तपासायचा नसतो. न मानणारा म्हणतो, सगळं थोतांड आहे, तपासायचं काय त्यात? कुंडली तपासता येत नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. पहिला गैरसमज तोच. ‘या योगामुळे लग्नाला उशीर होतो’, ‘अमुक स्थानी बुध असला की बुद्धी तल्लख होते’ ही विधानं माणसांच्या आयुष्याबद्दलची आहेत. पुरेशा माणसांच्या कुंडल्या आणि त्यांची आयुष्यं शेजारी ठेवली, की त्यांचा खरेखोटेपणा ठरवता येतो.

पुण्यात २००८ साली हेच करून पाहिलं गेलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी आखली. शंभर हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुलं, अशा दोनशे जणांचे जन्मतपशील गोळा करून संगणकावर कुंडल्या मांडल्या आणि त्या एकत्र मिसळल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, ही किल्ली संख्याशास्त्र विभागाकडे राहिली. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या पाठवण्यात आल्या. प्रत्येक कुंडलीबद्दल त्याने एवढंच सांगायचं होतं: हे मूल हुशार गटातलं की दुसऱ्या?

नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी चाळीसपैकी वीसच्या आसपास बरोबर येतात. म्हणून यशासाठी किमान २८ बरोबर उत्तरांची अट होती. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, त्यांतल्या २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४, त्याखालोखाल दोघांचे २२. बाकी सगळे वीस किंवा त्याहून कमी. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. म्हणजे पुन्हा नाण्याइतकीच. हे निष्कर्ष २००९ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. ज्या २७ जणांनी आपली विद्या अशी पणाला लावली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. परीक्षेला बसायची तयारी दाखवणं ही मोठी गोष्ट आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे जन्मवेळ चुकीची असणार. आक्षेप पोकळ नाही. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि सूक्ष्म विभागांना मिनिटांचाही फरक पडतो. पण आईवडिलांनी सांगितलेली, दाखल्यावरची हीच वेळ घेऊन रोज ज्योतिषांकडे पत्रिका मांडल्या जातात आणि त्यावरून ठाम भाकितं दिली जातात. तिथे चालणारी वेळ चाचणीतच तेवढी अपुरी कशी ठरते? शिवाय गुणमेलनाला हा आक्षेप फारसा लागूच होत नाही. छत्तीस गुणांचं कोष्टक चंद्राच्या राशी-नक्षत्रावर चालतं, आणि चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. तिथे अर्ध्या तासाच्या चुकीने क्वचितच काही बदलतं.

‘ग्रहणाची वेळ पंचांगात अचूक असते, मग भविष्य का खरं नसेल?’ हेही नेहमी ऐकू येतं. ग्रहण हे गणित आहे आणि ते आकाशात पडताळून पाहता येतं. फलित हा वेगळा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. गणितातही सगळं एका मताने ठरलेलं आहे असं नाही. टिळक पंचांग आणि चित्रापक्षी पंचांगं यांच्या अयनांशांत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. त्यामुळे राशीच्या सीमेजवळचा एखादा ग्रह एका पंचांगात एका राशीत, तर दुसऱ्यात शेजारच्या राशीत दिसतो. एकाच मुलाच्या मग दोन पत्रिका होतात, आणि दोन्ही मानणाऱ्यांना अनुभव मात्र सारखेच येतात.

हा अनुभव खोटा नसतो, पण त्याचं कारण दुसरीकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून शांत दिसता पण आतून अस्वस्थ असता’ अशा धाटणीचं वाक्य कोणाला लागू पडत नाही?

पाश्चात्त्य ज्योतिषाच्याही अशा चाचण्या झाल्या आहेत. शॉन कार्लसन यांनी १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्योतिषांना एक कुंडली आणि तीन व्यक्तींची मानसशास्त्रीय वर्णनं दिली होती. योग्य वर्णन निम्म्या वेळा तरी ओळखू, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते एक-तृतीयांशच्या आसपास राहिले. त्या आकडेवारीची पुढे काहींनी वेगळी मांडणी केली, त्यावर वादही झाले. वाद आकड्यांवर होतो, तोवर तो योग्य जागी असतो. १९७५ मध्ये १८६ शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध पत्रक काढलं, तेव्हा कार्ल सेगन यांनी सही केली नाही. ज्योतिषात तथ्य आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पत्रकाचा हुकमी सूर त्यांना पटला नव्हता. मला सेगन यांचं म्हणणं पटतं.

‘न्यायालयानेच ज्योतिष हे शास्त्र असल्याचं मान्य केलंय’ हे विधान मात्र चटकन निकालात काढण्यासारखं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम आणले; त्यांना दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळलं. प्रश्न अभ्यासक्रम ठेवण्याच्या अधिकाराचा होता. कुंडलीची भाकितं खरी ठरतात का, याची चाचणी न्यायालयाने घेतलेली नाही.

आता मंगळ. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष धरतात. बारांपैकी पाच स्थानं, म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या बेचाळीस जणांना मंगळ असणार. चंद्रापासूनही मोजला तर आणखी पुष्कळ. मंगळाने खरंच जोडीदाराच्या जिवावर बेतत असेल, तर तो परिणाम शोधायला दुर्बीण लागणार नाही. पत्रिका न पाहता झालेल्या काही हजार लग्नांची, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद घ्यायची, नवराबायकोच्या पत्रिका मांडायच्या, आणि मंगळाच्या व बिनमंगळाच्या गटांत वैधव्य, विधुरपण, घटस्फोट यांचं प्रमाण किती ते मोजायचं. पत्रिका तपासणाऱ्याला लग्नाचं काय झालं ते माहीत नसावं, आणि कोणत्या मंगळाला अपवाद मानायचं हे आधीच लिहून ठेवावं, एवढी पथ्यं पुरेत. हे काम एखाद्या ज्योतिष मंडळाने संख्याशास्त्रज्ञांना सोबत घेऊन करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘मुलीला मंगळ आहे’ एवढ्याच कारणावरून आजही स्थळं परत जातात, आणि ज्या दाव्यावरून ती परत जातात तो तपासण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, त्या मुलीवर नाही.