खासगी शिक्षणाचा खर्च : जमीन विकण्याआधी हे पाहा



बारावीचा निकाल लागला की घराघरांत नवी चिंता सुरू होते. सरकारी महाविद्यालयात नंबर लागला नाही तर खासगीची वाट उरते. तिथल्या फीचा आकडा ऐकून कुणी विहिरीजवळचा तुकडा विकायला काढतो, तर कुणी सावकाराचा उंबरा चढतो. पोरांना शिकवायलाच हवे. पण ज्या रानावर घर चालते ते मोडण्याआधी सवलतींचा हिशेब मांडावा.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो. संस्थेचेही तसेच वाचावे. खासगी संस्थांचे दोन वाण आहेत. एक, सार्वजनिक विद्यापीठाला जोडलेले विनाअनुदानित महाविद्यालय. दुसरा, स्वतःची पदवी देणारे खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ. पाटी दोन्हीकडे झळकते, पण सवलतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश सरकारी ‘कॅप’ फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला माफी नाही. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत.

खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मे शिक्षण शुल्क मिळते. तिथेही उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आणि प्रवेश कॅपमधूनच. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे.

आता हिशेब करू. समजा, शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख. इतर शुल्क, खोली व खानावळ ८० हजार. चार वर्षांचे झाले ७ लाख २० हजार. शिक्षण शुल्क निम्मे माफ झाले तर ५ लाख २० हजार, पूर्ण माफ झाले तर ३ लाख २० हजार. म्हणजे माफी मिळाली तरी खानावळीचा पैसा लागतोच. त्याची तजवीज आधी करावी.

खासगी विद्यापीठे स्वतःची शिष्यवृत्तीही देतात. ती एका वर्षाची की सगळ्या वर्षांची, आणि पुढे किती गुण टिकवावे लागतील, हे लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर पहिला हप्ता भरू नये. देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय रुपयाही देऊ नये.

तरीही कमी पडले, तर सावकाराऐवजी बँकेत जावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतील नामांकित संस्थांसाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. या यादीत काही खासगी संस्थाही आहेत. संस्था यादीत आहे का, हे बँकेत विचारावे.

कागद मात्र आताच जमवा : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, सातबारा, आधारला जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते. आपण अवजारांच्या अनुदानासाठी ज्या ‘महाडीबीटी’वर अर्ज करतो, तिथेच शिष्यवृत्तीचाही अर्ज होतो. तो दरवर्षी करावा लागतो. एकदा भरला म्हणून स्वस्थ बसू नये.

दाखल्यासाठी तहसिलात जूनमध्ये रांगा लागतात. त्याआधीच जाऊन या. आणि घरी बसून मुलीशी, मुलाशी हा हिशेब मोकळेपणाने बोला. किती पैसा कुठून येणार हे त्यांनाही कळले पाहिजे. शिकणार ते आहेत.