फाइल सर्व्हरचे वेब प्रशासन-साधन : प्रवेश का नाकारला जातो?

४.१ प्रास्ताविक

कार्यालयातील अनेक संगणकांना एकाच ठिकाणच्या फाइली वापरता याव्यात, यासाठी जो संगणक राबतो त्यास फाइल सर्व्हर म्हणतात. लिनक्स संगणकाला विंडोज संगणकांसाठी असा सर्व्हर बनवणारी ‘सांबा’ ही आज्ञावली अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात लिहायला घेतली. सांबाची मांडणी एका मजकूर-फाइलीत असते. ती ब्राउझरमधून बदलता यावी म्हणून ‘स्वॅट’ हे साधन सांबासोबत मिळत असे. २०१३ मधील ४.१ या आवृत्तीपासून ते वगळण्यात आले. तथापि, प्रवेश नाकारला जाण्याची कारणे क्रमाने कशी शोधावीत हे समजण्यासाठी त्याचे उदाहरण आजही उपयुक्त आहे.

४.२ दोन निराळे दोष

‘लॉगिन होत नाही’ या एकाच तक्रारीत दोन निराळे दोष दडलेले असतात. पहिल्यात नाव व पासवर्ड विचारणारी चौकटच उमटत नाही. दुसऱ्यात चौकट उमटते, परंतु भरलेली माहिती नाकारली जाऊन ती पुन्हा पुन्हा समोर येते. पहिल्या प्रसंगी आपण दारापर्यंत पोहोचलेलोच नसतो. दुसऱ्या प्रसंगी रखवालदार आपणांस ओळखत नाही. म्हणून पहिल्या प्रसंगी पासवर्ड बदलत बसणे व्यर्थ होय.

४.३ चौकट न उमटणे

स्वॅट सतत चालू नसते. ९०१ क्रमांकाच्या पोर्टवर विनंती आली, की बहुधा ‘एक्सइनेटडी’ ही सेवा त्यास जागे करते. म्हणून त्या सेवेतील स्वॅटची फाइल आधी पाहावी.

(अ) ‘डिसेबल’ या शब्दापुढे ‘येस’ असल्यास स्वॅट बंद आहे. तेथे ‘नो’ लिहावे.
(आ) ‘ओन्ली फ्रॉम’ पुढे केवळ १२७.०.०.१ हा पत्ता असल्यास प्रवेश फक्त त्याच संगणकावरून मिळतो.
(इ) फायरवॉल हे पोर्ट अडवत नाही ना, याची खात्री करावी.

बदलानंतर सेवा पुन्हा सुरू करावी. अन्यथा जुनीच मांडणी लागू राहते.

४.४ पासवर्ड नाकारला जाणे

सांबाची पासवर्ड-यादी आणि लिनक्सची यादी या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वॅट लिनक्सची यादी प्रमाण मानते. त्यामुळे सामायिक फोल्डर उघडणारा पासवर्ड येथे चालेलच असे नाही. दुसरे असे, की मांडणी बदलण्याचा अधिकार ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास असतो. उबुंटूमध्ये रूटला मुळात पासवर्डच दिलेला नसतो. साहजिकच तेथे कोणताही पासवर्ड लागू पडत नाही. तिसरे, ओळख पटवण्याचे काम ‘पॅम’ ही यंत्रणा करत असल्यास आणि तिची सांबासाठीची फाइल सदोष असल्यास बिनचूक पासवर्डही नाकारला जातो. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, वाचावी.

सामान्य वापरकर्त्यास प्रवेश मिळूनही मोजकीच पाने दिसतात. हा दोष नसून अधिकारांची मर्यादा आहे, हे ध्यानात घ्यावे.

४.५ सावधगिरी

स्वॅट सुरू करताना ‘ए’ हा पर्याय जोडला, की पासवर्ड विचारलाच जात नाही. हा उपाय सोपा दिसतो. परंतु मग कोणीही संपूर्ण सर्व्हरची मांडणी बदलू शकतो. कुलूप उघडेना म्हणून दारच काढून टाकण्यासारखे हे आहे. शिवाय स्वॅट पासवर्ड कूटबद्ध न करता पाठवते. म्हणजे दूरच्या संगणकावरून वापरल्यास रूटचा पासवर्ड वाटेत वाचला जाऊ शकतो. यास्तव ‘ओन्ली फ्रॉम’ची मर्यादा सरसकट न काढता, दुरून काम करायचे असल्यास एसएसएचचा सुरक्षित मार्ग योजावा.

४.६ समारोप

आधी मार्ग, मग ओळख, शेवटी अधिकार हा तपासणीचा क्रम आहे. तो पाळल्यास दोष नेमका सापडतो आणि सुरक्षिततेचा बळी द्यावा लागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : सर्व्हरवर बसून स्वॅट उघडते, शेजारच्या संगणकावरून मात्र चौकटही उमटत नाही. तपासणी कोठून सुरू कराल? सकारण लिहा.